हातात आलेलं झाड परत अर्पण केल्याची हकिकत

शेवगाव,
डिसेंबरचा पहिला रविवार, उपासनेनंतर

सन्माननीय व्याहीबुवा स्टीफनराव यांस,

शांतवनचा प्रभूच्या नावात मनापासून सलाम. विहीणबाईंना मरियेचा सलाम वेगळा सांगावा (ती म्हणते, तुमच्या सलामात माझा कोंबू नका, मला माझा आहे). आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मी डाव्याचं विचारतोय, उजव्याची खबर जावईबापूंकडून मिळाली. साखर आटोक्यात असेलच. मागे पुण्याला आलो होतो तेव्हा विहीणबाईंची पाठ वळताच तुम्ही जे केलंत ते मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही, आणि गुलाबजाम हा शब्द या पत्रात मुद्दाम टाळतो आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर माझं वाक्य निम्म्यात आलं की तुम्ही 'बरं बरं, हिच्याशी बोला' म्हणून फोन विहीणबाईंकडे देता, मग इकडे मरिया माझ्या हातातला फोन काढून घेते, आणि पुढचा तासभर आपण दोघे व्याही आपापल्या घरात भिंतीकडे बघत बसतो. व्हॉट्सॅपवर मी बोलून पाठवलेले निरोप तुम्ही ऐकत नाही हेही मला ठाऊक आहे (निळी खूण उमटत नाही). पत्र मात्र मध्येच कुणाच्या हातात देता येत नाही. शिवाय या पत्रामागे माझा काहीही हेतू नाही. खुशाली कळवावी, आणि गेल्या महिन्यात नगरला जी गंमत झाली ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, एवढंच.

सुरुवात तुमच्यापासूनच होते, म्हणून रागावू नका. गेल्या नाताळात आमची एंजल, तुमचा डॅनी आणि आपली दोघांची नात आराधना पुण्यातच राहिली. त्याच्या आदल्या नाताळातही पुण्यातच होती. त्याच्याही आदल्या. मी तक्रार करत नाही. मुलीच्या बापाने तक्रार करायची नसते असं आमचे वडील सांगायचे (त्यांना मुलगी नव्हती). पण मी फोनवर सहज आपला विषय काढला, तेव्हा तुम्ही हसत हसत म्हणालात, की आराधनाला आमच्या इथल्या मॉलमधलं तीन मजली नाताळाचं झाड बघायची सवय लागलीय, तुम्ही तुमच्या गावात तेवढं झाड उभं करा, पोरीला मी स्वतः घेऊन येतो. तुम्ही हे बोललात आणि विसरलात. मी हे ऐकलं आणि बाहेर जाऊन आमच्या चर्चमधल्या झाडाकडे बघितलं. आमचं झाड म्हणजे तेलाच्या डब्यात रोवलेली सुरूची फांदी. तिला कापूस लावला की बर्फ, आणि शेळीने ओढली नाही की नाताळ पार पडला.

आता मॉलकडे येतो. नगरचा हिरामोती मॉल बंद झाला. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो आणि मी त्याच्या गाडीने जातो.) मॉल बंद झाला म्हणून सगळा जिल्हा हळहळला. मी चौकशी केली, तर हळहळणाऱ्यांपैकी एकानेही तिथे कधी काही विकत घेतलेलं नव्हतं. आम्हीसुद्धा तिथे जायचो ते श्रीमंत नातेवाइकाकडे जावं तसे. गार हवेत बसायचं, पाणी प्यायचं, सगळं घर हिंडून बघायचं आणि 'येतो' म्हणून निघायचं. मरिया दर मे महिन्यात तिथल्या एका साडीची चिठ्ठी उलटून किंमत मोठ्याने वाचायची, मनसोक्त हसायची आणि साडी होती तशी घडी घालून ठेवायची. अख्ख्या आयुष्यात मी तिथून एक रुमाल घेतला, तोही सरकत्या जिन्याला घाबरून घाम फुटला म्हणून. मग मॉल चालणार कसा? आधी चपलांचं दुकान गेलं, मग खेळण्यांचं, मग वरचं सिनेमाचं थिएटर. पोरं फोनवर चप्पल मागवतात आणि चप्पल करंजी घाट ओलांडून घरी येते, तर माणूस घाट ओलांडून चपलेकडे कशाला जाईल? शेवटी विजेचं बिल वाचवायला सरकता जिना बंद केला. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून तुम्ही कधी चढलात का? पाय वर जातात आणि बाकीचा माणूस खालीच राहतो. माझा तर पहिल्याच पायरीला तोल गेला, आणि मक्याचे दाणे विकणाऱ्या बाईने सावरलं. तेवढी एकच बाई त्या मॉलमध्ये उरली होती.

तर नोव्हेंबरात पेपरात जाहिरात आली, की मॉलमधल्या सगळ्या सामानाचा जाहीर लिलाव आहे, वस्तू जशी आहे तशी. मी भाकरी मोडत जाहिरात वाचत होतो. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: नाताळवृक्ष, कृत्रिम, तीन मजली, दिव्यांसह. व्याहीबुवा, मी भाकरीचा घास कालवणाऐवजी चहात बुडवला आणि खाल्लासुद्धा. तसाच उठून पाळकसाहेबांकडे गेलो, त्यांनी पंचांना बोलावलं, आणि आमच्या पंचांचं आजवर कशावर एकमत झालं नव्हतं ते झाडावर झालं. हंगामाच्या सणाचा पैसा चर्चकडे होता, तो झाडासाठी द्यायचं ठरलं, आणि लिलावाला जायला एकमताने मलाच निवडलं, कारण लिलावातलं शांतवनला कळतं. इथेच सगळं बिघडलं.

तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचे, तेव्हा आमच्याकडचा हंगामाचा सण तुम्हाला थोडा समजावून सांगतो. पिकं घरात आली की एका रविवारी मंडळी आपापलं काही ना काही चर्चमध्ये आणतात. बाजरीचं पोतं, मेथीची जुडी, भोपळा, कोंबडी, ज्याला जे जमेल ते. उपासना झाली की वेदीपुढे त्याचा लिलाव होतो, आणि तो लिलाव मी पुकारतो (शाळेत मी पी.टी.चा मास्तर होतो, माझा आवाज माइकशिवाय बसस्टँडपर्यंत जातो). आता या लिलावाची रीत अशी, की बोली लावून जिंकलेली वस्तू घरी न्यायची नसते. जिंकणारा हात वर करून म्हणतो, 'परत! आनंदाने परत!' की सगळे टाळ्या वाजवतात आणि तीच वस्तू पुन्हा लिलावाला उभी राहते. मरियेचा भोपळा यंदा इतक्या जणांनी जिंकला, की शेवटी तो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. मागे एक कोंबडी एवढ्यांदा परत अर्पण झाली, की मधल्या वेळात तिने अंडं घातलं, मग अंड्याचा वेगळा लिलाव केला. पहिल्याच बोलीला वस्तू काखेत मारून घरी जाणाऱ्याकडे आमची मंडळी कशी बघतात म्हणून सांगू? सोयरीक जुळवताना लोक त्या घराची दोनदा चौकशी करतात.

निघताना मरियेने मला उंबऱ्यावर थांबवून बजावलं, तोंड बंद ठेवायचं, झाडाची पाळी आली की हात वर करायचा, झाड घ्यायचं, घरी यायचं. मी हो म्हणालो. टेम्पो आमच्या शेजारच्या गोरक्षचा होता. गोरक्ष म्हणजे कपाशी आणि म्हशीवाला. त्याचा लिलावात स्वतःचा एक हेतू होता, तो म्हणजे सामान ढकलायच्या मॉलमधल्या जाळीच्या ट्रॉल्या. गोठ्यात वैरण न्यायला त्या फार दिवसांपासून त्याच्या मनात भरल्या होत्या. 'आपुन घमेल्यानं वाहतोय आन् शहरातली मान्सं साबनाची वडी गाडीतून नेत्यात, ह्यो न्याय न्हाई,' असं तो करंजीपर्यंत सांगत होता.

लिलाव मॉलच्या खालच्या मजल्यावर होता. निम्मा जिल्हा लोटला होता. मॉल चालू असताना एवढी गर्दी झाली असती तर तो बंद कशाला पडला असता! लिलाव पुकारायला मुंबईहून एक टाय घातलेले गृहस्थ आले होते. माणूस सभ्य, पण आवाज असा की दशक्रियेची वेळ सांगतोय. मी हाताची घडी घातली आणि जीभ दातांखाली धरली. कपड्यांच्या दुकानातले सगळे पुतळे एका डाळिंबवाल्याने घेतले, पाखरं सदऱ्याला भीत नाहीत पण कोटाला भितात म्हणाला. थिएटरच्या खुर्च्या एका क्लासवाल्याने उचलल्या. ट्रायल रूमचे दरवाजे नेवाशाच्या लॉन्सवाल्याने नेले. 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' या पाटीवरून तीन शेतकरी हातघाईवर आले, कॅमेरा मात्र कुणालाच नको होता. गोरक्षला त्याच्या ट्रॉल्या मिळाल्या, आणि लगेच एकीत बसून तो लिलाव बघू लागला.

एवढं होईपर्यंत मी गप्प होतो, याला साक्षीदार आहेत. पण मग एक काचेचं कपाट पुढे आलं. चांगलं उंच, आत दिवा असलेलं. टायवाल्यांनी किंमत सांगितली आणि कुणी हूं का चूं केलं नाही. वस्तू समोर उभी आणि माणसं मुकी, हे मला बघवत नाही. आमच्याकडे मेथीची सुकलेली जुडी जरी पुढे आली तरी आम्ही तिची लाज राखतो. मी उठलो. 'अहो मंडळी,' मी म्हणालो, 'या कपाटाकडे जरा नीट बघा तरी!' आणि मग मी ते कपाट कुणाकुणाच्या घरात कसं शोभेल हे सांगायला लागलो. कपाट गेलं. तीन जणांनी भांडून नेलं. टायवाले गृहस्थ पाणी प्यायला म्हणून माइक माझ्याकडे देऊन गेले, आणि व्याहीबुवा, तो माइक त्यांना परत मिळालाच नाही.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी जमिनीवर नव्हतो. पंखे गेले, आरसे गेले, पॉपकॉर्नचं यंत्र गेलं, 'ओली फरशी, सावकाश चाला' ही पिवळी पाटी एका म्हाताऱ्याने सुनेसाठी म्हणून घेतली. लोक टाळ्या वाजवत होते. एक जण तर स्वतःच्याच बोलीवर स्वतः बोली लावत सुटला, त्याला बायकोने धरून बसवलं. मॉलच्या उद्घाटनालाही इतका आनंद झाला नसेल! टायवाले एका स्टुलावर बसून माझ्याकडे नुसते बघत होते. मक्याचे दाणे विकणारी बाई हसून हसून डोळे पुसत होती.

आणि मग झाड आलं. कामगारांनी त्याचे तीन तुकडे जोडून मधल्या चौकात उभं केलं आणि दिवे लावले. टोक वरच्या मजल्याच्या कठड्यापर्यंत पोचलं होतं. स्टीफनराव, थट्टा सोडून सांगतो, मला तिथे आराधना उभी दिसली. मान वर करून, तोंड उघडं टाकून, दात पडल्याची खिडकी दाखवत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

बोली मीच पुकारत होतो आणि मीच लावत होतो (टायवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, आता काहीही चालेल). समोर एकच जण टिकून होता. जामखेडचा मंडप काँट्रॅक्टर, कानिफनाथ नावाचा, पांढरी टोपी, बोलणं नाही, नुसतं बोट वर. मी वाढवलं की त्याचं बोट वर, त्याचं बोट वर की मी वाढवलं. शेवटी त्याचं बोट खाली गेलं. एक, दोन, तीन! झाड माझं झालं. मॉलभर शिट्ट्या वाजल्या. गोरक्ष ट्रॉलीत उभा राहून नाचायला लागला आणि ट्रॉलीसकट भिंतीवर गेला. माझा ऊर भरून आला, मी दोन्ही हात वर केले, आणि जन्मभराच्या सवयीने माइकवरून गरजलो:

'परत! आनंदाने परत!'

टायवाले स्टुलावरून उठले. आपण वस्तू परत देताय का, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. त्यांचा काहीच दोष नाही, माणसाने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा 'आनंदाने!' म्हणालो, आणि दुसऱ्या वेळी लोकांनाही टाळ्या वाजवायला लावल्या. मग मी झाड पुन्हा लिलावाला लावलं. पहिल्यापेक्षा जास्त जोरात पुकारलं. कानिफनाथने जरा बिचकतच बोट वर केलं. बाकी कुणी काही बोलेना, तर मी मंडळींना चक्क रागावलो, की एवढ्या झाडाला एकच बोट? लाज वाटू द्या! तरी कुणी बोलेना. मग मीच एक, दोन, तीन म्हटलं, 'घ्या जामखेडकर!' म्हणालो, आणि हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत उभा राहिलो, की आता हा हात वर करून 'परत' म्हणेल. आमच्याकडे याला जेमतेम डोळे मिचकावण्याइतका वेळ लागतो. कानिफनाथने हात वर केला नाही. त्याने हात बंडीच्या खिशात घातला आणि पैसे काढले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

गोरक्ष माझ्याजवळ आला. 'मास्तर,' तो हळूच म्हणाला, 'झाड आता कुनाचं हाय?' मी माइक स्टुलावर ठेवला. 'नाय, म्हंजी तुमीच घेतलं, आन् तुमीच इकलं, आन् टाळ्याबी तुमीच वाजीवल्या, म्हनून इचारलं.'

मी कानिफनाथला दारात गाठलं. सगळं समजावून सांगितलं. हंगामाचा सण, भोपळा, कोंबडी, अंडं, नात, पुणे, तुम्ही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग परत कामून दिलं?' मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की काय सांगू! जिंकलेली वस्तू परत देणारं गिऱ्हाईक या जगात असतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. झाड विकायला मात्र तो तयार होईना. मंडपवाला वस्तू विकत नसतो, भाड्याने देतो, हा त्यांच्या धंद्याचा धर्म. पण चोवीस आणि पंचवीस तारखेला झाड आमच्या चर्चपुढे उभं करायचं त्याने कबूल केलं, भाडंही नको म्हणाला. मोबदल्यात त्यांच्या गावच्या जत्रेत देवाच्या नारळांचा लिलाव मी येऊन पुकारायचा. 'फकस्त परत द्यायचं तेवडं त्या लोकान्लाबी शिकवा,' असं म्हणाला.

संध्याकाळी आम्ही परतलो तर अख्खी मंडळी वेशीवर उभी. पेटी, तबला, लहान पोरांच्या हातात झिरमिळ्या. टेम्पो दिसताच गाणं सुरू झालं. गोरक्षने ताडपत्री उचलली. आत ट्रॉल्या. गाणाऱ्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी कडवं पूर्ण केलं. कडूबाई आजींना डोळ्यांनी कमी दिसतं, त्यांनी झाडासाठी आणलेला हार पहिल्या ट्रॉलीला घातला आणि हात जोडले. पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा गोरक्षने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, म्हशीची शप्पथ घेऊन. मंडळी हसून हसून लोळली. पाळकसाहेबांना प्रार्थना करायची होती, त्यांना 'आमेन'सुद्धा नीट म्हणता आलं नाही. एक मरिया तेवढी हसली नाही. ती घरी गेली, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी भांड्यांमधून बोलते. पातेलं हळू ठेवलं तर जेवायला या, आपटलं तर उगीच बसून राहू नका.

तर अशी ही गंमत. हातचं गेलं खरं, पण कानिफनाथचा शब्द पक्का आहे, तेव्हा चोवीस तारखेला तीन मजली झाड शेवगावात उभं राहील हे तुम्हाला केवळ माहितीसाठी कळवतो. गेल्या वर्षी तुम्ही काही बोलला होतात त्याच्याशी याचा संबंध जोडायचा की नाही, हे मी तुमच्यावर सोडतो. माझा काहीही आग्रह नाही. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं. डॅनीला आशीर्वाद, एंजलला आशीर्वाद, आराधनाला एक गोड पापा.

तुमचा नम्र व्याही,
शांतवन

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात कानिफनाथचा फोन आला. जामखेडच्या एका मोठ्या लग्नातल्या मुलीकडच्यांनी ते झाड बघितलं. त्यांना ते वीस तारखेपासून वर्षअखेरपर्यंत (हळद, लग्न, पूजा, सगळं धरून) स्टेजवर कल्पवृक्ष म्हणून हवंय, वर झेंडूच्या माळा सोडणार आहेत. कानिफनाथ फार ओशाळला होता. धंदा आहे मास्तर, म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. झाड येत नाही. वरचा सगळा मजकूर रद्द समजावा. तेल तेवढं लावावं.

आणखी ता. क. मरियेला सांगितलं, झाड येत नाही. तिने पातेलं हळूही ठेवलं नाही आणि आपटलंही नाही. इतक्या दिवसांनी तोंडाने बोलली. म्हणाली, 'मॉलला विचारलंत, पंचांना विचारलंत, जामखेडपर्यंत विचारून आलात. व्याह्यांना एकदा सरळ विचारलंत का, पोरीला पाठवता का म्हणून?' विचारलेलं नव्हतं. मला वाटायचं, आपण मुलीकडचे, मागायचं कसं. काहीतरी मोठं उभं करावं म्हणजे न मागता मिळेल. तर आता मागतो. स्टीफनराव, माझ्याकडे झाड नाही. चर्चमध्ये तीच सुरूची फांदी आहे, तोच डबा आहे. तुमची अट मी पुरी करू शकलो नाही. तरी या नाताळात आराधनाला पाठवा. मला तिची फार आठवण येते. तिचा पुढचा दात आला का, हे मला फोनवरून दिसत नाही. तुम्ही दोघंही या. नाही जमलं तर तसं कळवा, मी काही म्हणणार नाही.

अजून एक ता. क., मरियेच्या हातचा.
स्टीफनभाऊ, सलाम. पाकीट टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी घालते. मुलं बावीस तारखेला इकडे येणार, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही दोघंही, हे माझं आणि विहीणबाईंचं दिवाळीतच ठरलंय. गाडीसुद्धा सांगून झाली. तुम्हाला विहीणबाई आदल्या दिवशी सांगणार होत्या, कारण आधी सांगितलं की तुम्ही गुडघा काढता. यांना मी सांगितलं नाही, कारण झाडाच्या नादात यांचा महिना फार मजेत चालला होता आणि मला घरात जरा निवांतपणा होता. पण वरचं वाचलं आणि वाईट वाटलं. भाऊ, या माणसाने आजवर कुणाकडे काही मागितलेलं मी बघितलं नाही, मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. म्हणून आमचं ठरलेलं त्यांना कळू देऊ नका. त्यांनी मागितलं आणि तुम्ही दिलंत, असंच होऊ द्या. कार्डावर 'पाठवतो' एवढाच शब्द लिहा, पण तुमच्या हाताने लिहा. टपाल यायला इकडे चार-पाच दिवस लागतात, तेव्हा उद्याच टाका. ते आत्तापासून फाटकाशी खुर्ची घेऊन बसलेत.